वीस मिनिटं नुसतं बसायचं होतं

तपासनीसांच्या उजव्या अंगठ्याने काय केलं हे सांगण्याआधी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. तो अंगठा त्यांचाच असला, तरी त्या क्षणी तो त्यांच्या ताब्यात नव्हता. असा बचाव कोर्टात टिकत नाही, आणि घरात तर मुळीच टिकत नाही.

झालं ते इतकंच. रविवारची सकाळ होती. तपासनीस वडिलांच्या पलंगाशेजारी खुर्ची ओढून बसले होते आणि वडिलांचा हात त्यांनी हातात घेतला होता. आठ महिन्यांपूर्वी वडिलांना अर्धांगाचा हलका झटका येऊन गेला होता. चालणं परत आलं, जेवण परत आलं, चिडणं तर सर्वांत आधी परत आलं. बोलणं मात्र वाटेत थांबत थांबत यायचं. एक शब्द, मग मोठी फट, मग दुसरा शब्द. फटीच्या पलीकडे काय आहे हे वडिलांना पक्कं ठाऊक असे, फक्त तिथवर पोचायला वेळ लागे. त्या सकाळी ते म्हणाले, "मला..." आणि थांबले. मग म्हणाले, "तुला..." आणि पुन्हा थांबले. त्या दुसऱ्या फटीत तपासनीसांचा अंगठा वडिलांच्या हाताच्या पाठीवरून खालून वर सरकला. हलकेच, सरावाने, एकदाच. मोबाईलवरचं रील पसंत पडलं नाही की पुढचं यावं म्हणून सरकवतात, अगदी तसा.

वडिलांनी अंगठ्याकडे पाहिलं. मग मुलाकडे पाहिलं. मग तोंड मिटलं आणि हात काढून घेऊन पांघरुणात ठेवला.

त्या गोष्टीला आता अकरा दिवस झाले होते. वडील सुनेशी बोलत, पेपरवाल्याशी बोलत. चुकून फोन लागलेल्या एका अनोळखी बाईशी तर ते दहा मिनिटं बोलले, म्हणजे सहासात शब्द. मुलाशी मात्र नाही. सुनेने हळूच विचारून पाहिलं, की बाबा, त्या दिवशी काय सांगायचं होतं? वडील म्हणाले, "गेलं." ते वाक्य जगातून कायमचं गेलं होतं.

इथे वडील कोण होते हे सांगितलं म्हणजे गुन्ह्याचं वजन कळेल. त्यांनी चौतीस वर्षं कोर्टात लघुलेखकाची नोकरी केली होती. समोरचा बोलेल ते शब्द न् शब्द उतरवून घ्यायचं. चोर, भाडेकरू, घटस्फोट मागणारी माणसं, घाबरून तोतरे झालेले साक्षीदार, सगळ्यांची वाक्यं त्यांनी शेवटपर्यंत ऐकली होती. कुणालाही कधी 'पुढे' म्हटलं नव्हतं. आणि पोटच्या पोराने त्यांनाच पुढे सरकवलं होतं.

तपासनीस स्वतः काही उथळ माणूस नव्हते. आडनावाला जागून ते एका औषध कंपनीत तपासणीच्याच कामावर होते. गोळ्यांच्या खोक्यात जो पातळ कागद घडी घालून कोंबलेला असतो आणि जो माणसं न उघडता फेकून देतात, तो छापायला जाण्याआधी शेवटच्या ओळीपर्यंत वाचणं हे त्यांचं काम. हा कागद पूर्ण वाचणारा माणूस जगात एकच आहे आणि त्यालाही त्यासाठी पगार द्यावा लागतो, असं ते स्वतःच अभिमानाने सांगत. एकवीस वर्षांत त्यांनी एकही रकाना रिकामा सुटू दिला नव्हता. अलीकडे मात्र चौथ्या ओळीवर आलं की त्यांना वाटे, हे पुरे झालं, आता दुसरं काहीतरी यावं. कागद वर सरकत नाही. त्यांनी दोनदा सरकवून पाहिला होता.

रीलची सुरुवात जेवणानंतर फक्त पाच मिनिटं अशी झाली होती. कुणीतरी घोड्याचे खूर तासत असे. घोड्याशी तपासनीसांचा आयुष्यात संबंध आला नव्हता, पण तो खूर स्वच्छ झालेला पाहिल्याशिवाय त्यांना चैन पडेना. मग हरवलेलं कुत्रं मालकाला भेटे आणि डोळे भरून येत. ते पुसायच्या आत पार्किंगवरून दोघांची हाणामारी, रक्त तापे. ते तापतंय तोवर कुणाचं तरी नवं कोरं स्वयंपाकघर, पोटात दुखे. मग मूत्रपिंड बिघडल्याची सात लक्षणं, ज्यातली पाच त्यांना होती. एवढं सगळं सव्वा मिनिटात. अर्ध्या तासाने उठलेल्या माणसाने एका जन्माचं रडून, भांडून, जळून आणि घाबरून घेतलेलं असे. घरच्यांसाठी काही उरत नसे. बायकोने येऊन सांगितलं, "माझ्या दादाचं ऑपरेशन ठरलं," तेव्हा ते म्हणाले होते, "अरे वा." त्यावर घरात चार दिवस भांडी नेहमीपेक्षा मोठ्याने वाजली.

हे सगळं ओळखलं ते वडिलांच्या स्पीच थेरपिस्टने. आठवड्यातून दोनदा येणारी ही मुलगी वयाने तपासनीसांच्या निम्मी होती आणि धाक दुप्पट होता.

"काका, आजोबांची प्रगती छान आहे," ती जाता जाता म्हणाली. "तुमचं काय करायचं?"

"माझं काय?"

"तुम्ही त्यांची वाक्यं पूर्ण करता. तीसुद्धा चुकीची. मागे ते 'खिडकी' म्हणाले, तुम्ही लगेच उठून उघडलीत. त्यांना खिडकीच्या गजांना लागलेला गंज दाखवायचा होता."

हवा तरी आली ना, असं म्हणायचं तपासनीसांनी टाळलं.

"आणि तो अंगठा. काकूंनी सांगितलं मला." तिने पिशवी खांद्याला लावली. "दर पंधरा सेकंदांनी नवीन काहीतरी मिळायची सवय लागली ना, की मन एक पाय उचलूनच उभं राहतं. कधीही निघायच्या तयारीत. आजोबांच्या दोन शब्दांमध्ये वीस सेकंद जातात. तेवढ्यात तुम्ही निघून गेलेले असता. त्यांना ते दिसतं."

"मग उपाय?"

"रोज वीस मिनिटं नुसतं बसायचं. मोबाईल नाही, पुस्तक नाही, डोळे मिटायचे नाहीत, ध्यानबिन नाही. हात मांडीवर. तीन आठवडे. तोवर त्यांच्यासमोर जाऊन बसू नका, आणखी हिरमुसतील."

"एवढंच?"

"एवढंच," ती म्हणाली आणि हसली. ते हसू तपासनीसांना पुढे फार वेळा आठवलं.

पहिल्या दिवशी ते बैठकीच्या खोलीत हात मांडीवर ठेवून बसले. दुसऱ्या मिनिटाला बायको दारात आली.

"काय झालं?"

"काही नाही."

"मग असे का बसलात?"

"नुसता बसलोय."

"छातीत दुखतंय का?"

"नाही गं."

"मग बसलाच आहात नुसते, तर तो माळ्यावरचा पंखा काढून द्या."

पंखा काढला. पंख्यामागे एक बॅग निघाली, बॅगेची चेन अडकली होती, चेनला मेण लागत होतं, आणि मेण आणायला बाहेर पडलेच आहात तर दोन बल्बही आणायचे होते. तपासनीसांना त्या दिवशी एक सामाजिक सत्य उमगलं. मोबाईल घेऊन तीन तास बसलेल्या माणसाला घरात कुणी हात लावत नाही, कारण तो कामात असतो. रिकाम्या हातांचा माणूस मात्र सार्वजनिक मालमत्ता असतो.

दुसऱ्या दिवशी ते गच्चीवर गेले. पाण्याच्या टाकीच्या चौथऱ्यावर बसून समोरच्या हवेकडे पाहू लागले. ही जागा निर्वेध होती, फक्त समोरच्या इमारतीतल्या विमा एजंट बाईंच्या खिडकीतून ती नीट दिसत असे. बाईंना गच्चीच्या टोकाला, हात मांडीवर ठेवून शून्यात पाहणारा आपलाच एक पॉलिसीधारक दिसला. त्यांनी तातडीने फोन फिरवले. सातव्या मिनिटाला तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त प्राध्यापक धापा टाकत वर आले. हे अर्थशास्त्राचे, आणि सोसायटीचे सेक्रेटरीही तेच.

"तपासनीस," ते लांबूनच म्हणाले, "अजून खूप काही आहे."

"कशात?"

"एकूणच."

मग ते जवळ येऊन बसले आणि आयुष्य कसं सुंदर आहे हे समजावू लागले. समजावताना त्यांना स्वतःचं हुकलेलं विभागप्रमुखपद आठवलं, परदेशातल्या मुलाचे न येणारे फोन आठवले, आणि पाऊण तासाने तपासनीसांनीच त्यांना दंडाला धरून जपून खाली आणलं. दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये सूचना लागली: 'सभासदांनी गच्चीवर एकट्याने व विनाकारण बसू नये.'

बागेतल्या बाकावर रखवालदाराने विचारलं, कुणाची वाट पाहताय? कुणाचीच नाही, या उत्तराने तो पुढचे दहा दिवस सावध राहिला असणार. बसस्टॉपवर तर चार बस येऊन गेल्या. चौथ्या ड्रायव्हरने दार उघडं ठेवून माणुसकीने वाट पाहिली आणि आतून पन्नास माणसं ओरडू लागली. तपासनीस भिडेखातर चढले आणि शेवटच्या थांब्यापर्यंत गेले.

खरा शोध लागला तो पाचव्या दिवशी, आणि तोही घरपट्टीच्या कागदावरचं नाव दुरुस्त करायला गेल्यामुळे. वॉर्ड ऑफिसातल्या प्रतीक्षा दालनात सत्तरऐंशी माणसं ओळीने खुर्च्यांवर बसली होती. कुणीही कुणाला विचारत नव्हतं, की तुम्ही असे का बसलात? तपासनीसांचा श्वास मोकळा झाला. या शहरात रिकाम्या हातांनी, नजर समोर लावून, वर्षानुवर्षं बसायची परवानगी देणारी एकमेव जागा त्यांना सापडली होती. अट एकच होती, हातात टोकन हवं.

त्यांनी अभ्यास करून खिडकी क्रमांक अकरा निवडली: उद्यान विभाग. तिथला कारकून जागेवर नसे. तो कुठे असे हे कुणाला माहीत नव्हतं, पण त्याचा कोट खुर्चीच्या पाठीवर असे आणि कोटाचा दरारा होता. रोज ऑफिसातून थोडं लवकर निघून तपासनीस खिडकी अकराचं टोकन घेत, वीस मिनिटं बसत, आणि नंबर यायच्या आत उठून घरी जात.

बसणं सोपं नव्हतं. पहिल्या मिनिटात नाक खाजे. तिसऱ्यात त्यांना खात्री पटे, की गॅस चालू राहिलाय. पाचव्या मिनिटाला शाळेतला एक अपमान आठवे, ज्याचं चोख उत्तर त्यांना आत्ता सुचलेलं असे. अंगठा मांडीवर आपला आपण वर सरके. त्यांनी तो मुठीत कोंडला, तर डावा सुरू झाला. आठव्या मिनिटाला जग कुठेतरी फार वेगाने पुढे जातंय आणि आपल्याला कुणी सांगत नाहीये, असं वाटून घाम फुटे. बाराव्या मिनिटाला ते घड्याळात पाहत, तेव्हा नऊ मिनिटं झालेली असत.

पण सहाव्या दिवशी एक गोष्ट घडली. समोर बसलेल्या म्हाताऱ्याने पिशवीतून संत्रं काढलं. त्याने ते सावकाश सोललं, धागे काढले, फोडी रुमालावर मांडल्या, एकेक खाल्ली, बिया कागदात गुंडाळल्या आणि रुमाल झटकला. तपासनीसांनी हे सगळं पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिलं आणि मध्ये एकदाही त्यांना दुसरं काही पाहावंसं वाटलं नाही. घरी येऊन त्यांनी हे बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "मी आणू का संत्री? घरीच बघा."

नवव्या दिवशी अनर्थ झाला. खिडकी अकरामध्ये कोटासकट कारकून बसलेला होता. वरिष्ठ त्याला काहीतरी बोलले असावेत, कारण तो सूड घ्यावा तसा भराभर काम करत होता. चौथ्या मिनिटाला तपासनीसांचा नंबर लागला.

"बोला."

मी नुसता बसलो होतो, असं सरकारी खिडकीत सांगता येत नाही. तपासनीसांची नजर भिंतीवरच्या तक्त्यावर गेली. 'झाडांच्या फांद्या छाटण्याची परवानगी.'

"फांदी," ते म्हणाले.

कारकुनाने फॉर्म पुढे सरकवला. कुणीही सामान्य माणूस तो घरी नेऊन भरतो असं सांगून निसटला असता. पण तपासनीसांच्या हातात फॉर्म होता आणि फॉर्ममध्ये रिकामे रकाने होते. एकवीस वर्षांची शिस्त हातात उतरली. झाडाचा प्रकार: निलगिरी. उंची: चाळीस फूट. बुंध्याचा घेर: साडेपाच फूट. अंदाजे वय: तीस वर्षे. जागा: इमारतीच्या फाटकाच्या डावीकडे. शेवटचा रकाना होता, 'झाडावर पक्ष्यांची घरटी असल्यास संख्या'. तो रिकामा सोडणं त्यांच्या जिवावर आलं. त्यांनी लिहिलं: तीन.

कारकुनाने शिक्का मारला. तो म्हणाला, "इतका पूर्ण भरलेला फॉर्म मी पहिल्यांदा पाहतोय." तपासनीस, खरं सांगायचं तर, सुखावले.

पाच दिवसांनी उद्यान निरीक्षक फाटकाशी येऊन उभा राहिला. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, फॉर्म पाहिला. झाड नव्हतं. आता सरकारी दृष्टीने विचार केला, तर शिक्का मारलेल्या अर्जात झाड आहे आणि जागेवर नाही, याचा अर्थ एकच होतो. दुसऱ्या दिवशी फाटकावर तपासनीसांच्या नावाने नोटीस चिकटली: 'चाळीस फुटी निलगिरीची विनापरवाना तोड व तीन घरट्यांचा नाश.'

इथवर ठीक होतं. यानंतर जे झालं त्याला मात्र तोड नाही. इमारतीतल्या माणसांना ते झाड आठवू लागलं.

"मी म्हणतच होतो, फाटकाशी अलीकडे भकास का वाटतं," प्राध्यापक म्हणाले. "त्या सावलीत उभा राहून मी कितीदा रिक्षाची वाट पाहिली असेन."

समोरच्या विमा एजंट बाईंनाही त्याची पानं आठवत होती; त्यांच्या बाल्कनीत उडून यायची. तळमजल्यावरच्या एका आजींना तर तिसऱ्या घरट्यातल्या पिल्लांचा आवाज आठवून गहिवरून आलं. "तुम्हाला काय त्रास होता हो त्याचा?" त्या तपासनीसांना म्हणाल्या. आपण तोडलं नाही हे सांगायला तपासनीस तोंड उघडत आणि झाडच नव्हतं असं ते म्हणताच माणसं त्यांच्याकडे अधिकच खेदाने पाहत. तोडलं ते तोडलं, वर नव्हतंच म्हणतो.

कुणीतरी बाजारात जाणाऱ्या तपासनीसांचं पाठमोरं चित्रण केलं, त्याला रडकं संगीत लावलं आणि बावीस सेकंदांचं रील सोडून दिलं. त्या रात्री त्यांचा निग्रह ढळला. फक्त लोक काय म्हणतायत ते पाहू, म्हणून त्यांनी मोबाईल उघडला. घोड्याचा खूर आला, कुत्रं आलं, स्वयंपाकघर आलं, आणि मग हातात पिशवी घेतलेला एक पोक आलेला इसम आला. चौथ्या सेकंदाला तपासनीसांनी तो कंटाळून पुढे सरकवला. आपण कुणाला सरकवलं हे त्यांना दोन रीलनंतर कळलं. त्यांनी उठून मोबाईल बायकोच्या कपाटात ठेवून किल्ली तिलाच दिली.

"एवढं कशाला?" ती म्हणाली.

"मला मीसुद्धा बावीस सेकंद सहन होत नाही," ते म्हणाले.

त्या रात्री भांडी नेहमीच्या आवाजात वाजली.

आता प्रकरण निस्तरायचं होतं. खिडकी अकरावर तपासनीसांनी झाड नसल्याचा दाखला मागितला.

"कुठल्या झाडाचा?" कारकून म्हणाला.

"जे नव्हतं त्याचा."

"त्याचा नोंदणी क्रमांक?"

"नव्हतंच, तर क्रमांक कुठून असेल?"

"क्रमांकाशिवाय मी शोधू कसं, की ते नाही?"

त्यांना वरच्या मजल्यावर पाठवलं, तिथून मागच्या इमारतीत, तिथून पुन्हा अकरावर. प्रत्येक ठिकाणी बसायला सांगत. रजा टाकून सकाळी दोन तास, दुपारी तीन तास. थेरपिस्टने वीस मिनिटं सांगितली होती. खात्याने पुढच्या बारा दिवसांत सगळा कोर्स करून घेतला, वर थोडा जास्तच. आठव्या दिवसानंतर तपासनीसांना नाक खाजवायचंही सुचेना. ते बसत, म्हणजे खरोखरच बसत. शेवटी एका वरिष्ठाला दया आली की कंटाळा आला कोण जाणे. त्याने शेरा मारला: 'इमारतीतील सर्वांत जुन्या रहिवाशाची जबानी जागेवर जाऊन, त्याच्याच शब्दांत घ्यावी.'

सर्वांत जुने रहिवासी म्हणजे वडील. इमारत उभी राहिली त्या वर्षापासून ते इथे राहत होते.

निरीक्षक आला तेव्हा वडिलांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. जबानी म्हटल्यावर त्यांनी सुनेकडून दाढीही करून घेतली होती. मुलाशी न बोलण्याचा एकेचाळिसावा दिवस होता. तपासनीस खोलीच्या दुसऱ्या टोकाला स्टुलावर बसले. प्राध्यापक सेक्रेटरी म्हणून आले, एजंट बाई बाल्कनीतल्या पानांसाठी आल्या. बायको दाराशी उभी राहिली.

"आजोबा, फाटकाजवळ झाड होतं की नव्हतं, एवढंच सांगा," निरीक्षक म्हणाला. त्याने पॅड मांडीवर घेतलं आणि मोबाईल पॅडच्या कडेला असा ठेवला, की तो दिसत राहील.

वडिलांनी सर्वांकडे पाहिलं. "इथे..." ते म्हणाले.

फट पडली. पाच सेकंद गेले, सात गेले.

"इथे झाड होतं, बरोबर?" निरीक्षक म्हणाला.

वडिलांनी तोंड मिटलं.

"साहेब, मध्ये बोलू नका," तपासनीस म्हणाले. "त्यांना पहिल्यापासून सुरुवात करावी लागते."

"इथे..." वडील पुन्हा म्हणाले.

"सावली होती," प्राध्यापक पुटपुटले. वडिलांनी पुन्हा तोंड मिटलं. आता निरीक्षकाची मान मोबाईलकडे वळू लागली होती. एजंट बाईंनी तीनदा घसा साफ केला. खोलीत ऐकणारी पाच माणसं होती आणि त्यातली चार आतून दुसरीकडे कुठेतरी निघाली होती, हे तपासनीसांना लख्ख दिसलं. त्यांनी ती चाल ओळखली.

"कुणीही बोलायचं नाही," ते म्हणाले. आवाज त्यांच्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला.

तिसऱ्यांदा "इथे" आलं आणि फट पडली. तपासनीस फटीत बसून राहिले. इतके दिवस त्यांना वाटलं होतं, की ती जागा रिकामी असते. तसं नव्हतं. वडिलांची डावी भुवई आधी उचलली जात होती, मग गळ्याची गाठ हलत होती, मग ओठ एका अक्षराची तयारी करत आणि ते चुकीचं आहे हे कळून सोडून देत. म्हातारा माणूस तिथे आत काम करत होता, घाम येईपर्यंत. आठ महिने हे समोर चाललं होतं आणि त्यांनी ते पाहिलंच नव्हतं.

"झाड..." भुवई. गाठ. "कधीच..." ओठ दोनदा जुळले. "नव्हतं."

निरीक्षकाने ते झरझर लिहिलं. "संपलं. प्रकरण बंद," तो म्हणाला आणि पॅड मिटून उभा राहिला. प्राध्यापकांनी निलगिरीच्या आठवणी एका क्षणात गिळल्या आणि तपासनीसांच्या पाठीवर थाप मारली. बायकोने दाराची कडी काढली. तपासनीस सुटले होते.

"पण..." वडील म्हणाले.

"आजोबा, पुरे तेवढं," निरीक्षक म्हणाला. "झालं तुमचं काम."

वडिलांचं बोट वर उचललेलं होतं. भुवई वर गेली होती. बायको नवऱ्याकडे डोळ्यांनी खुणावत होती, की आता गप्प बसा, जाऊ द्या त्याला. 'पण'च्या पुढे काय असेल याचा अंदाज खोलीतल्या सगळ्यांना आला होता. वडील चौतीस वर्षं कोर्टात होते आणि अर्धी जबानी त्यांना कधी चालली नव्हती.

"साहेब, बसा," तपासनीस म्हणाले. "त्यांचं व्हायचंय."

"अहो, तुमच्याच फायद्याचं..."

"त्यांचं व्हायचंय."

निरीक्षक बसला. पुढचं वाक्य यायला सहा मिनिटं लागली. "अर्ज..." मग "याने..." मग खूप वेळाने "खोटा..." आणि शेवटी "लिहिला." एवढं झाल्यावर, जवळजवळ लगेच: "घरटीसुद्धा."

निरीक्षकाने पेन खाली ठेवून तपासनीसांकडे पाहिलं. मग त्याने नियम सांगितला. खोट्या अर्जाला खात्यात शिक्षा ठरलेली होती: अर्जात लिहिलेलं झाड त्याच जागी लावायचं, तीन वर्षं जगवायचं आणि दर महिन्याला खिडकी अकरावर जाऊन ते जिवंत असल्याची नोंद करायची.

"घरट्यांचं?" प्राध्यापकांनी काळजीने विचारलं.

"घरट्यांबद्दल नियमात काही नाही," निरीक्षक म्हणाला. "तेवढं पक्ष्यांवर सोडू."

बायकोने कडी पुन्हा लावली. "चांगले सुटला होतात," ती म्हणाली. तपासनीसांनी मान हलवली. ते ऐकत नव्हते, कारण वडील त्यांच्याकडे पाहत होते. एकेचाळीस दिवसांत पहिल्यांदा, सरळ.

"का?" वडील म्हणाले.

एकच शब्द होता आणि तो फक्त मुलासाठी होता. तपासनीसांनी तोंड उघडलं. घोडे, कुत्री, गच्ची, बस, संत्रं, टोकन, हे सगळं एकदम तोंडाशी आलं आणि त्यातलं पहिलं कुठलं हे कळेना. "त्या रविवारी..." ते म्हणाले आणि अडकले.

"ताण असणार ऑफिसचा," प्राध्यापक मदतीला धावले.

वडिलांनी त्यांच्याकडे न पाहता तळहात वर केला. प्राध्यापक थांबले.

निरीक्षकाने घड्याळात पाहिलं, मग बापाकडे, मग लेकाकडे. "हे पण जबानीत घ्यायचं का?" त्याने विचारलं.

"लिहा," वडील म्हणाले. या वेळी फट पडली नाही.

तपासनीसांनी स्टूल उचलून वडिलांच्या खुर्चीसमोर ठेवलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. "त्या रविवारी... मी..." पुढचा शब्द यायला बराच वेळ लागला. वडील वाट पाहत होते. निरीक्षकानेही पेनाचं टोपण लावलं नाही.